खोकला छातीत, पू यकृतात

छातीच्या एक्स-रेत उजव्या बाजूला पाणी दिसलं की आपल्या भागात पहिला शब्द निघतो तो टीबीचा. त्यात गैर काही नाही. फुप्फुसाभोवती पाणी होण्याच्या कारणांत आपल्याकडे टीबी अगदी वरच्या नंबरावर आहे, आणि डॉक्टरांनी आधी तोच मनात धरणं शहाणपणाचं. माझ्या बाबतीत मात्र फुप्फुस बिचारं निर्दोष होतं. बिघाड खाली यकृतात होता आणि त्याचा बोभाटा वर छातीत चालला होता. हे कळेपर्यंत जे जे झालं, आणि कळल्यावर जे झालं, ते लिहून काढतोय. माझ्यासारखा खोकला घेऊन फिरणारा आणखी कुणी असेल तर त्याला उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, पंढरपूर तालुक्यात. सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा खोकला लागलेला होता. कोरडा, ठसक्यासारखा. धडा वाचून दाखवताना दोन ओळींत श्वास तुटायचा आणि पोरं एकमेकांकडे बघायची. खोल श्वास घ्यायला गेलं की उजव्या बाजूला बरगड्यांखाली कळ यायची आणि श्वास अर्ध्यावरच अडायचा. उजवा खांदाही दुखत होता, पण फळ्यावर हात वर करून लिहिणाऱ्या माणसाचा खांदा दुखायचाच. संध्याकाळी अंगात कणकण, कधी कधी चक्क हुडहुडी. भाकरीचं ताट समोर आलं की नको वाटायचं. आणि उचक्या. एकदा लागली की थांबायची नाही. "कोण आठवण काढतंय एवढी?" म्हणून आई हसायची, पण अडुळशाचा काढा मात्र तिने नेमाने चालू ठेवला होता.

गावातल्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध आणि अँटिबायोटिक दिलं. ताप थोडा उतरला, पुन्हा चढला. मग पंढरपुरात जाऊन छातीचा एक्स-रे काढला. रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. पहिली, उजव्या फुप्फुसाच्या तळाचा कोन भरलाय, म्हणजे तिथे पाणी आहे. दुसरी, उजवं श्वासपटल नेहमीपेक्षा वर उचललेलं दिसतंय. ज्याने ज्याने तो रिपोर्ट वाचला तो पहिल्या ओळीवर थांबला. पाणी हा शब्दच असा आहे की पुढचं वाचायला कुणाला धीर नसतो.

थुंकीचे नमुने दिले, एक पहाटेचा. निगेटिव्ह आले. पण फुप्फुसाच्या आवरणात टीबी असेल तर थुंकीत जंतू सापडेलच असं नाही, त्यामुळे निगेटिव्हचा कुणाला दिलासा वाटला नाही. घरात बायकोने काही न बोलता माझा पेला वेगळा ठेवला. मीही काही न बोलता तोच वापरत राहिलो. शाळेत एका सहकाऱ्याने माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडची धरली, त्याचा मला राग आला नाही. त्याच्या घरी लहान बाळ आहे. टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी सोलापूरला छातीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, असं आमच्याच डॉक्टरांनी सुचवलं आणि चिठ्ठी दिली. त्या एका चिठ्ठीबद्दल त्यांचे उपकार आहेत.

सोलापूरचे डॉक्टर वयस्कर होते. एक्स-रे दिव्यावर लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग मला पालथं न पाडता, उताणं न झोपवता, तसंच बसवून पाठीवर बोटांनी ठकठक केलं आणि स्टेथोस्कोप लावला. आणि मग अचानक उजव्या बाजूच्या खालच्या दोन बरगड्यांमधल्या फटीत एक बोट दाबलं. मी ओरडलोच.

"भूक?"

"मेलीय."

"वजन?"

"पँट सैल झालीय."

"मधल्या काळात पोट बिघडलं होतं? जुलाब, आव पडणं?"

नव्हतं. निदान लक्षात राहावं असं काही नव्हतं.

"दारू?"

"माळ आहे गळ्यात, डॉक्टर."

"माळ दिसतेय, गुरुजी. तरी विचारावं लागतं."

हा प्रश्न त्यानंतर दवाखान्यात जो भेटला त्याने विचारला. निवासी डॉक्टरांनी विचारला, सोनोग्राफीवाल्यांनी विचारला, सलाईन लावायला आलेल्या सिस्टरने तर बायकोला बाजूला घेऊन विचारला. कारण नंतर समजलं. मला यकृतात निघालं तसलं पुवाचं गळू पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त दिसतं आणि त्यातले बरेच जण दारू किंवा ताडी पिणारे असतात. बरेच म्हणजे सगळे नव्हेत. पण 'लिव्हरचा आजार' म्हटलं की नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो बघून एखाद्याला वाटावं की टीबीच बरा होता.

डॉक्टर म्हणाले, छातीतलं पाणी सुईने काढून तपासायचंच आहे, पण त्याआधी सोनोग्राफी करू. छातीची आणि पोटाची, दोन्हींची. मला पोटाचं प्रयोजन कळलं नाही, पण विचारलं नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत अंधार आणि एसीचा गारठा. त्या मॅडमनी आधी बरगड्यांवर यंत्र फिरवून छातीतलं पाणी पाहिलं. थोडंच होतं. मग यंत्र खाली सरकवलं आणि एका जागी थांबल्या. "श्वास घ्या. सोडा. परत घ्या." उजवं श्वासपटल हलतच नव्हतं म्हणे, जेमतेम थरथरत होतं. त्याच्या लगेच खाली यकृताच्या उजव्या भागात एक मोठी काळसर पोकळी होती. त्यांनी तीन बाजूंनी मापं घेतली: ९.४, ८.७ आणि ८.२ सेंटिमीटर. त्यावरून आतला पू साधारण ३५० मिलिलिटर. वरच्या बाजूला, म्हणजे श्वासपटलाकडे, यकृताचा जेमतेम पाऊण सेंटिमीटर जाडीचा थर शिल्लक होता.

कावीळ नाही, डोळे पांढरे स्वच्छ, पोट फुगलेलं नाही. यकृतात एवढं गळू असताना कावीळ कशी नाही, हे मी विचारलंच. अशा गळवात कावीळ बहुतेकांना होत नाही, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून तर ते लपतं.

पुन्हा छातीच्या डॉक्टरांसमोर. त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर पेनाने एक कमान काढली.

"सातवीला शिकवता ना श्वासपटल?"

शिकवतो. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, श्वास घेताना खाली जातो, सोडताना वर येतो. फळ्यावर दरवर्षी काढतो. पण आकृतीत तो पडदा आडवा, सरळ दिसतो. प्रत्यक्षात तो घुमटासारखा वर गेलेला असतो. पूर्ण श्वास सोडला की त्याचं उजवं टोक जवळजवळ स्तनाग्राच्या पातळीला पोचतं, आणि त्या घुमटाच्या पोटात यकृत बसलेलं असतं. म्हणजे आपण जिला छाती समजून हात लावतो, त्या खालच्या बरगड्यांच्या आत बराचसा भाग पोटाचाच आहे.

"तुमच्याकडं माळवदाची घरं आहेत ना?" डॉक्टर म्हणाले. "खालच्या खोलीत जाळ केला की वर माळवद तापतं. वर बसलेल्या माणसाला वाटतं, ऊन लागलं."

मग त्यांनी एकेक लक्षण घेऊन सांगितलं. श्वासपटलाला हुकूम देणारी नस मानेतून निघते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूच्या मुळांपासून. खांद्यावरच्या कातडीची संवेदनाही त्याच भागातून मेंदूकडे जाते. त्यामुळे श्वासपटल खालून चिडलं की मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. तो फळ्याचा खांदा नव्हता तर. उचक्याही त्याच चिडण्यामुळे. उचकी म्हणजे श्वासपटलाचा झटकाच. खालची सूज पडद्यापलीकडे पोचली की फुप्फुसाच्या आवरणातून पाणी सुटतं. त्या पाण्यात जंतू असतीलच असं नाही, शेजाऱ्याच्या दुखण्यात सुटलेलं ते पाणी असतं. पडदा वर ढकलला गेल्याने फुप्फुसाचा तळ दाबला जातो, तिथले वायुकोश मिटतात, आणि मिटलेल्या वायुकोशांमुळे खोकला, धाप. त्यात दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, त्याने तळ आणखी मिटतो. बोटाला लावलेल्या यंत्रात माझा ऑक्सिजन ९३ दाखवत होता, तो यामुळे.

"आणि हे वर फुटलं तर?" बायकोने विचारलं. पाऊण सेंटिमीटर तिच्या ध्यानात राहिला होता.

डॉक्टरांनी लपवलं नाही. असं गळू कधी पोटात फुटतं, कधी श्वासपटलातून वर छातीच्या पोकळीत. तसं झालं तर छाती पुवाने भरते आणि माणूस एकदम अत्यवस्थ होतो. कधी कधी ते थेट फुप्फुसात वाट काढतं, श्वासनलिकेला जाऊन मिळतं, आणि रोगी खोकताना चॉकलेटी रंगाचा पू बाहेर टाकतो. अशा एकाला त्यांनी स्वतः पाहिलं होतं. खोकून खोकूनच त्याचं गळू रिकामं झालं आणि पुढे औषधांवर तो बरा झाला. यकृताच्या डाव्या भागातलं गळू हृदयाच्या आवरणात फुटू शकतं, ते सगळ्यात वाईट. "तुमचं उजवीकडे आहे, आणि फुटलेलं नाही. आजच ॲडमिट व्हा."

दवाखान्यात गेल्यावर आधी छातीतलं पाणी तपासायला काढलं, एका सिरिंजभर. फिकट पिवळं, गढूळ नाही. टीबीसाठी त्यात एडीए नावाची तपासणी करतात. ४० च्या वर आली तर टीबीचा संशय बळावतो. माझी २१ आली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी २१ हजारांवर गेलेल्या. रक्तात अमिबाविरुद्धची प्रतिपिंडं आहेत का, ती तपासणीही पाठवली होती आणि ती पॉझिटिव्ह आली. शौचाच्या तपासणीत मात्र काहीच सापडलं नाही, आणि तसं अनेकदा होतं म्हणे. आतड्यातलं भांडण केव्हाच मिटलेलं असतं, त्याचा माग यकृतात राहतो.

अमिबा. हाही मीच शिकवतो. एकपेशीय, आकार बदलणारा, डबक्यात राहणारा. हा त्याचा दुष्ट चुलतभाऊ, एंटअमिबा हिस्टोलिटिका. कवचात गुंडाळलेला तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो, लहान आतड्यात कवच सोडून बाहेर येतो, मोठ्या आतड्याच्या भिंतीत शिरतो आणि तिथून रक्ताबरोबर यकृतात पोचतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातलं रक्त मुख्यतः यकृताच्या उजव्या भागाकडे जातं, म्हणून बहुतेक गळवं उजवीकडे. पाण्यात टाकतो तेवढ्या क्लोरीनने त्याचं कवच नेहमी मरत नाही, उकळल्याने मरतं.

आमचं गाव पालखीच्या वाटेवर आहे. आषाढीला घरी दिंडी उतरते, पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक होतो, टँकरचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळं एक होतं. बायकोने लगेच हिशेब जुळवला, आषाढात गेला असणार आणि कार्तिकात बोलला. संसर्गानंतर गळू दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, हे खरं. पण डॉक्टरांनी तिला थांबवलं. "वहिनी, आषाढीचं असेल, एखाद्या लग्नातलं असेल, चहाच्या टपरीवरचं असेल. ते सापडत नाही. वारीला बोल लावू नका." मला बरं वाटलं. त्याच पंगतीत जेवलेल्या दिंडीतल्या कुणाला काहीच झालं नव्हतं.

मेट्रोनिडाझोल शिरेतून सुरू झालं, दर आठ तासांनी. जोडीला जंतूंसाठी दुसरं अँटिबायोटिक. तोंडाला सदा पितळेची चव, लघवी गडद. हे औषध १९६० च्या दशकात या आजारावर वापरात आलं. त्याआधी एमेटिनची इंजेक्शनं असत. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ मध्ये ती रूढ केली, पण ते औषध हृदयाला जपून द्यावं लागे. आणि त्याच्याही आधी पोट उघडून पू काढत, त्यातून वाचणारे थोडे. खाटेवर पडून मोबाइलवर हे वाचत होतो तेव्हा पितळेच्या चवीबद्दलची तक्रार मागे घेतली.

पू बाहेर काढायचा की नाही, यावर डॉक्टरांत एकमत नव्हतं. लहान गळवं नुसत्या औषधाने बरी होतात. माझं मोठं होतं आणि पडद्याला टेकलेलं होतं. तीन-चार दिवस वाट पाहून ठरवू, असं ठरलं. ताप थोडा कमी झाला, पण खोकला आणि खांदा तसाच, आणि पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत वरचा थर आणखी पातळ दिसला. मग नळी घालायचं ठरलं. रक्त गोठण्याची तपासणी झाली, संमतीपत्रावर सही झाली. बायकोने फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, मी नुसतीच सही केली.

या नळीला पिगटेल म्हणतात. आत गेल्यावर तिचं टोक गोल वळतं, त्यामुळे ती निसटत नाही. भूल फक्त त्या जागेपुरती. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई न्यायची, सुईतून तार, तारेवरून नळी. ऐकायला सोपं वाटतं. अडचण एकच, यकृत जागेवर थांबत नाही. श्वासपटल वर-खाली होतं तसं तेही दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली होतं. म्हणून सुई सरकवताना रोग्याने श्वास धरून ठेवायचा असतो. आणि मी तर खोकणारा माणूस.

"अर्धा श्वास घ्या. धरा."

धरला. घशात ठसका आला. हात वर करून इशारा केला, त्यांनी सुई थांबवली. पुन्हा. पुन्हा ठसका. डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं, खोल घेऊ नका, खोल घेतला की तुमचा तळ खेचला जातो आणि खोकला येतो. नेहमीचा श्वास सोडा आणि तिथेच थांबा, रिकाम्यावर. आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच ओघात सांगितली, जी मला फार महत्त्वाची वाटली: सुईची वाट त्यांना जितकी खालून घेता येईल तितकी खालून घ्यायची होती. बरगड्यांच्या वरच्या फटीतून गेलं तर सुई छातीच्या आवरणातून जाते आणि यकृतातला पू वर नेऊन ठेवायचा धोका. इतका वेळ आजार खालून वर चढत होता, इलाजाने तरी ती वाट धरू नये, म्हणून ही खबरदारी.

रिकाम्यावर थांबणं जमलं. भजनात दम राखायची थोडी सवय आहे, ती कामी आली असावी. एक बोथट दाब जाणवला, मग नळीतून पिशवीत येऊ लागलं. लालसर तपकिरी, दाट, आणि वास अजिबात नाही. मला किळस येईल म्हणून वॉर्डबॉय मामा पिशवी झाकायला आले, तर डॉक्टरच म्हणाले, "बघू द्या गुरुजींना, पोरांना सांगतील." वास नसणं हे अमिबाचं लक्षण आहे. दुसऱ्या जंतूंचा पू असता तर खोलीत थांबवलं नसतं. या पुवात अमिबा शोधला तर बहुधा सापडत नाही, तो गळवाच्या भिंतीत असतो. पिशवीत जातं ते विरघळलेलं यकृत.

पहिल्याच खेपेला ३०० मिलिलिटरच्या आसपास निघालं. आणि त्या रात्री खांदा दुखायचा थांबला.

हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं. खांद्याला कुणी हात लावला नव्हता. फुप्फुसाला कुणी औषध दिलं नव्हतं, खोकल्याचं सिरप तर आल्या दिवशीच बंद केलं होतं. पोटातून एक तांब्याभर पू बाहेर गेला, आणि वर छातीत जागा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जांभई पूर्ण दिली. कित्येक आठवडे जांभईसुद्धा अर्ध्यावर तुटत होती, ते तेव्हा लक्षात आलं. बायको खाटेशेजारी बसून चहा पीत होती, तिने दचकून बघितलं, म्हणाली, "अहो, काय झालं?" म्हटलं, काही नाही, जांभई आली.

वॉर्डात नळीसह काही दिवस काढले. रोज सकाळी सिस्टर पिशवीचं माप घेऊन चार्टवर लिहायच्या आणि आकडा उतरताना बघणं हा माझा उद्योग. फिजिओथेरपीच्या मॅडमनी तीन गोळ्यांचं यंत्र हातात दिलं. नळी तोंडात धरून आत ओढायचं. हवा जितकी जोरात तितक्या गोळ्या वर. ६००, ९०० आणि १२०० असे आकडे त्यावर होते. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं, हे अर्ध्या वॉर्डाला माहीत नव्हतं. लोक जीव खाऊन फुंकत होते. दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एक गोळी वर जाऊन थरथरायची. फुप्फुसाचा मिटलेला तळ उघडायला हाच उपाय, गोळी-औषधाने तो उघडत नाही. पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनाही हेच यंत्र देतात, कारण टाके दुखतात म्हणून तीही माणसं उथळ श्वास घेतात आणि त्यांचाही तळ मिटतो, पुढे तिथे न्यूमोनिया धरतो.

त्या वॉर्डात मला पोट आणि छाती यांच्या भानगडी आणखी बघायला मिळाल्या. समोरच्या खाटेवर मोहोळकडचे एक काका होते. जुन्या हिपॅटायटिस बी मुळे यकृत आकसलेलं, पोटात पाणी. ते पाणी उजव्या छातीतही भरायचं. काढलं की परत भरायचं. श्वासपटलात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. श्वास घेताना छातीत ओढ तयार होते आणि पोटातलं पाणी त्या छिद्रांतून वर खेचलं जातं. म्हणून त्यांच्या छातीत कायमची नळी घालायला डॉक्टर तयार नव्हते. तिथून पाणी वाहतच राहणार आणि त्याबरोबर शरीरातली प्रथिनं आणि क्षार जाणार. त्यांचा इलाज मीठ तोडण्यात आणि लघवीच्या गोळ्यांत होता. काकांची सून डब्यात अळणी भाजी आणायची आणि काका तिच्याकडे असं बघायचे की मला माझी पितळी चव गोड वाटायची.

बार्शीचा एक तरुण पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन आला होता. त्याचं पाणी डाव्या छातीत. स्वादुपिंडाचं शेपूट डावीकडे असतं, म्हणून तिथली सूज बहुधा डाव्या बाजूला उमटते. त्याला धाप इतकी होती की आल्या रात्री त्याच्या घरचे त्याला हार्ट ॲटॅक समजत होते. आम्ही तिघं तीन आजारांचे, तिघांच्याही फायलीत पहिला कागद छातीचा एक्स-रे.

पिशवीतला आकडा सलग दोन दिवस दहा मिलिलिटरच्या आत आला तेव्हा नळी काढली. काढताना लागत नाही, एक विचित्र सरकणं जाणवतं. छातीतलं राहिलेलं पाणी काढावं लागलं नाही. खालचं कारण गेल्यावर ते आपोआप जिरत गेलं. घरी जाताना आणखी एक औषध दिलं, डायलॉक्सनाइड, दिवसातून तीनदा, दहा दिवस. मेट्रोनिडाझोल यकृतातला अमिबा मारतं, पण आतड्यात कवचात बसलेला उरू शकतो. तो साफ केला नाही तर पुन्हा तेच, आणि घरच्यांनाही धोका. बरं वाटायला लागल्यावर लोक नेमक्या याच गोळ्या सोडतात, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या बाबतीत तो प्रश्न नव्हता, गोळ्या बायकोच्या ताब्यात होत्या. घरी पोचल्यावर तिने वेगळा ठेवलेला पेला इतर भांड्यांत मिसळून टाकला आणि पिण्याचं पाणी उकळायला ठेवलं. तेव्हापासून उकळतंच आहे.

पुढच्या सोनोग्राफीत पोकळी चार सेंटिमीटरवर आली होती. मला वाटलं औषध अजून हवं. पण पोकळी भरायला काही महिने लागतात, कधी वर्षही, आणि ताप नाही, दुखणं नाही, भूक चांगली आहे तोवर नुसत्या पोकळीवर औषध द्यायचं नसतं. छातीच्या नव्या एक्स-रेत कोन मोकळा झाला होता आणि श्वासपटल खाली आलं होतं, अगदी पहिल्यासारखं नाही, पण आलं होतं. तिन्ही गोळ्या वर जातात. धडा सलग वाचता येतो. काकड्याला उठून दोन अभंग दम न लागता म्हणता आले, त्या दिवशी आईने उपास सोडला; तिने तो कधी धरला होता हे मला माहीतच नव्हतं.

एक काम तेवढं रेंगाळलं. वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाइल. ती परत आली, त्यावर शेरा: आजार यकृताचा असताना छातीचे एक्स-रे, छातीतील पाण्याची तपासणी आणि छातीच्या डॉक्टरांची फी यांचा खुलासा व्हावा. लिपिक माणूस भला आहे, त्याची मुलगी माझ्याच वर्गात होती. "गुरुजी, मला कळतंय, पण कागदाला कळायला पाहिजे," म्हणाला. सोलापूरला जाऊन डॉक्टरांकडून पत्र आणलं. त्यांनी लेटरहेडवर चारच ओळी लिहिल्या, आणि खाली, कदाचित माझ्यासाठी, तीच कमान पेनाने काढून तिच्या वर 'फुप्फुस' आणि खाली 'यकृत' असं लिहिलं. आकृतीसह खुलासा जोडून फाइल पुन्हा पाठवली आहे.